जर्मनीत सेकंड हॅण्ड कोम्बी घ्यायची आहे: हेडलाइट, इंजिन, गिअरबॉक्स... आधी काय बघू?

वाटसरू_किर्शहाइम

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळ किर्शहाइमला राहतो, नोकरी उल्मला. आजवर रेल्वेनं भागत होतं. आता शिफ्ट बदलली, त्यामुळे रोज ए-८ महामार्गावरून आल्ब डोंगराचा घाट चढायचा आणि उतरायचा, एका बाजूला साठेक किलोमीटर. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधार. वर पठारावर धुकं आणि बर्फ असतो ते वेगळंच.

घरात दोन लहान मुलं आहेत. उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा विमानतळावरून मोठ्या बॅगा आणायच्या असतात. म्हणून कोम्बीच, म्हणजे स्टेशन वॅगनच, हवी. बजेट पंधरा हजार युरो. आम्ही दोघंही चालवणार. ऑटोमॅटिक मिळाली तर बरं, हट्ट नाही.

यादीत सध्या ऑक्टाविया कोम्बी, पॅसाट वेरिआंट, प्युजो ३०८ एसडब्ल्यू, टोयोटा ऑरिस किंवा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स आणि बीएमडब्ल्यू ३ टूरिंग आहेत. अडचण अशी की एकाच ऑक्टावियात पाच-सहा इंजिनं, दोन-तीन गिअरबॉक्स आणि निरनिराळे हेडलाइट दिसतात. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरात फक्त साल आणि रनिंग. तुम्ही कशापासून सुरुवात कराल?

घाटमाथा

डिकीचं आधी संपवतो, कारण त्यात वाद नाही. मागची सीट उभी ठेवून ऑक्टाविया कोम्बी (तिसरी पिढी, २०१३ ते २०२०) ६१० लिटर, पॅसाट बी-८ वेरिआंट ६५०, कोरोला १.८ ५९६, ऑरिस ५३०, बीएमडब्ल्यू एफ-३१ टूरिंग ४९५. बाबागाडी आणि मोठ्या बॅगा एकत्र न्यायच्या असतील तर बीएमडब्ल्यू मी यादीतून काढेन. गाडी चालवायला सुंदर आहे, पण तुमच्या कामाची नाही.

इंजिन माझ्या मते पेट्रोल १.५ टीएसआय. डिझेलच्या भानगडीत पडू नका.

फिटरकाका

आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, त्यातली बरीच वर्षं जर्मनीत. आता निवृत्त आहे. वाटसरू, तुमचा रस्ता चढाचा आणि लांब पल्ल्याचा आहे, म्हणून मी गिअरबॉक्सपासून सुरुवात करतो. इंजिन बिघडायच्या आधी बहुतेक वेळा इशारा देतं: आवाज करतं, धूर सोडतं, ऑइल खातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र जाहिरातीत एका शब्दात उरकलेला असतो, आणि गेला की गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा घेऊन जातो.

ऑक्टाविया आणि पॅसाटच्या जाहिरातीत 'डीएसजी' (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लिहिलेलं असतं. त्या एका नावाखाली तुमच्या बजेटमध्ये तीन वेगळे गिअरबॉक्स येतात.

पहिला डीक्यू २००. सात गिअर, दोन कोरड्या क्लच प्लेटा. हा २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच्या इंजिनांना लावतात, म्हणजे १.०, १.२, १.४, १.५ टीएसआय (पेट्रोल) आणि १.६ टीडीआय (डिझेल). १.४ आणि १.५ टीएसआयच्या १५० हॉर्सपॉवरवाल्या इंजिनांचा टॉर्क बरोबर २५० आहे, म्हणजे गिअरबॉक्स आपल्या मर्यादेच्या टोकावर काम करतो. मेकाट्रॉनिक, म्हणजे त्याचा मेंदू आणि हायड्रॉलिक्स, आणि क्लच प्लेटा या त्याच्या ठरलेल्या दुखऱ्या जागा आहेत. ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलानं सरकत राहिलं की कोरडा क्लच तापतो. नंतरच्या वर्षांत सुधारणा झाल्या, पण शहरात झिजलेली गाडी असेल तर मी लांबच राहीन.

दुसरा डीक्यू २५०. सहा गिअर, क्लच तेलात बुडालेले, ३५० न्यूटन-मीटरपर्यंत. २.० टीडीआय १५० ला बरीच वर्षं हाच होता. दणकट आहे, फक्त दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. तिसरा डीक्यू ३८१. पुन्हा सात गिअर, पण तेलातले क्लच. नंतरच्या २.० गाड्यांत तो आला.

म्हणजे 'सात गिअर, सहापेक्षा एक जास्त' एवढं बघून गाडी घेऊ नका. कोणता गिअरबॉक्स आहे ते कळायला स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकाच्या सुरुवातीच्या पानावर चिकटवलेला कागदी स्टिकर शोधा. त्यावर इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा कोड असतो. विकणाऱ्याला त्याचा फोटो पाठवायला सांगा. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे जायचे पेट्रोलचे पैसे वाचले.

बीएमडब्ल्यूमधला झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरवाला ऑटोमॅटिक (टॉर्क कन्व्हर्टर) या सगळ्यांत उत्तम. कंपनी 'आयुष्यभर तेल बदलायला नको' म्हणते, पण स्वतः झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. माझा विश्वास झेडएफवर आहे.

मेधा_म्युनिक

काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. यात टोयोटाचं जोडते. ऑरिस आणि कोरोला हायब्रिडमध्ये क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत. एका प्लॅनेटरी गिअरसेटवर इंजिन आणि दोन मोटरी जोडलेल्या असतात. १.८ इंजिनाला टायमिंग चेन आहे. स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे सेकंड हॅण्ड गाडीत ज्या गोष्टी घाबरवतात त्यातल्या बऱ्याच तिथे नाहीतच. सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये होत राहिली तर जर्मनीत 'रिलॅक्स' वॉरंटी गाडी १५ वर्षांची किंवा २,५०,००० किलोमीटरची होईपर्यंत वाढत जाते.

पण वाटसरू, खरं सांगायचं तर तुमच्या रस्त्यावर तिचा फायदा कमी होईल. शहरात ती अप्रतिम आहे. १३० च्या वेगात आल्ब चढताना १.८ चा आवाज एकसारखा वर जातो आणि कानाला खटकतो, पेट्रोलही तितकं वाचत नाही. एकदा त्याच चढावर चालवून बघा आणि मगच ठरवा.

प्रकाशवाट

मी हेडलाइटच्या क्षेत्रात काम करते. धाग्याच्या शीर्षकात हेडलाइटचं नाव पहिलं आहे आणि आतापर्यंत त्यावर कुणीच बोललेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्यापैकी ज्यांना भारतीय लायसन्सचे सहा महिने संपल्यावर इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागली, त्यांना फार्शूलचं (ड्रायव्हिंग स्कूलचं) सूत्र पाठ असेल. ताशी १०० ला प्रतिक्रियेचं अंतर ३० मीटर, ब्रेकचं १०० मीटर, एकूण १३० मीटर. चांगल्या हॅलोजनचा डिप्पर समोर साधारण साठ-सत्तर मीटर कामाचा उजेड देतो. उरलेला हिशेब तुम्हीच करा. रोज दोन्ही वेळा अंधारात जाणाऱ्या माणसानं हेडलाइटला सनरूफ आणि अलॉय व्हीलच्या रांगेत बसवू नये.

एच-७ हॅलोजन बल्ब साधारण १५०० ल्युमेन देतो, ३५ वॅटचा झेनॉन साधारण ३२००. एलईडीमध्ये कंपनीनुसार खूप फरक पडतो. वाईट एलईडी चांगल्या झेनॉनपेक्षा मागे पडू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका.

जाहिरातीत सगळ्यात जास्त फसगत होते ती 'एलईडी' या शब्दावर. २०११ पासून युरोपात नव्या मॉडेलना दिवसाचा दिवा सक्तीचा झाला, आणि तो बहुतेकदा एलईडीच असतो. दिसायला झकपक, पण आत डिप्पर साधा एच-७. 'टागफारलिष्ट' म्हणजे दिवसाचा दिवा. तुम्हाला हवा तो शब्द 'एलईडी-शाइनवेर्फर' किंवा 'फोल-एलईडी'. ऑक्टाविया तिसऱ्या पिढीत २०१७ च्या फेसलिफ्टआधी वरचा पर्याय झेनॉनचा होता, नंतर फुल एलईडीचा. दोन्ही काळात बेसिक गाड्या हॅलोजनवर निघाल्या आहेत. पॅसाट बी-८ मध्ये झेनॉन नाहीच. हॅलोजन किंवा एलईडी.

कोम्बीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. डिकी भरली की मागचा भाग खाली बसतो, पुढचा उचलला जातो आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनला डॅशबोर्डवर फिरवायची चकती असते, ती आपण विसरतो. २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्यांना युरोपात आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि वॉशर सक्तीचे आहेत. त्या यंत्रणेचे सेन्सर चाकाजवळ सस्पेन्शनला असतात, मीठ-चिखलानं खराब होतात. भिंतीसमोर उभं राहून गाडी सुरू करायला सांगा. झेनॉनमध्ये उजेडाची रेघ एकदा खाली जाऊन वर आली पाहिजे.

गाडी दुपारी बघू नका. संध्याकाळची वेळ मागा. भिंतीवर रेघ स्वच्छ आहे का, उजवीकडे वर चढते का (इथे उजव्या बाजूची वाहतूक असल्यामुळे), दोन्हीकडचा रंग सारखा आहे का. झेनॉन गुलाबी-जांभळा दिसला तर बल्ब म्हातारा झालाय, पण ते दुरुस्त होतं. एलईडीचं तसं नाही. बहुतेक गाड्यांत आतला एलईडी गेला की पूर्ण हेडलाइट बदलायचा, आणि एका बाजूचाच खर्च हजार युरोच्या आसपास किंवा वर जातो. काचेच्या कोपऱ्यात थोडी वाफ चालेल, पाण्याचे थेंब नकोत. दोन्ही हेडलाइटच्या डब्यांवर बनवल्याची तारीख असते. एक जुना, एक नवा असेल तर पुढून ठोकर लागली होती का, ते थेट विचारा.

बाहेरून टाकलेलं झेनॉन किट दिसलं तर तिथूनच परत फिरा. मूळ झेनॉन हेडलाइटच्या काचेवर डीसी, डीआर किंवा डीसीआर ही अक्षरं असतात. ती नसतील आणि आत झेनॉन असेल तर ते नंतर कुणीतरी बसवलं आहे. अशा गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगी जाते, विम्याचाही घोळ होतो. हॅलोजनच्या गाडीत उजेड वाढवायचा कायदेशीर मार्ग २०२० मध्ये आला. ओसरामच्या एच-७ एलईडी बल्बला जर्मनीत मान्यता मिळाली, पण ठराविक मॉडेलांसाठीच. यादीत तुमची गाडी असेल तर प्रमाणपत्र जवळ ठेवून वापरा.

लीड्सकर

इंग्लंडमधून. आमच्याकडे एक सोय आहे, ती तिथे नाही याचं वाईट वाटतं. नंबर प्लेट टाकली की सरकारी साइटवर दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचं रनिंग फुकट दिसतं. तुमच्याकडे तेच काम ट्यूफच्या, म्हणजे तिथल्या सक्तीच्या गाडी तपासणीच्या, जुन्या कागदांनी करा. प्रत्येक अहवालावर किलोमीटर छापलेले असतात. सगळे अहवाल मागा आणि आकडे ओळीनं लिहून काढा.

३०८ एसडब्ल्यूबद्दल. गाडी मस्त आहे, पण १.२ प्युअरटेक पेट्रोलचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो झिजून त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. प्युजोची मालक कंपनी स्टेलांटिसनं २०२४ मध्ये त्याची वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. ऑइल भरायचं झाकण उघडलं की बेल्ट दिसतो, त्याची रुंदी मोजायचं मापही मिळतं. फोर्ड फोकसच्या जुन्या १.० इकोबूस्ट इंजिनालाही ऑइलमधलाच बेल्ट आहे. कुणी ती सुचवली तर हेच बघा.

घाटमाथा

१.५ टीएसआयचा बेल्ट कोरडा आहे, ऑइलमध्ये नाही. म्हणूनच सुचवलं होतं.

फिटरकाका

घाटमाथा, इंजिन चांगलंच आहे, त्यात वाद नाही. सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्या थंडीत पहिल्या गिअरला धक्के देत, त्यावर सॉफ्टवेअर अपडेट आला. तो झाला का तेवढं विचारायचं. पण यांचं रनिंग वर्षाला पंचवीस हजाराच्या पुढे जाणार. तिथे डिझेलच.

रोड टॅक्सचा हिशेब बघा. इथे डिझेलला दर १०० सीसीला ९.५० युरो, पेट्रोलला २. त्यावर सीओटूचा भाग, तो साधारण सारखा धरू. म्हणजे २.० डिझेलला १९०, १.५ पेट्रोलला ३०. वर्षाला १६० युरो डिझेल महाग. उलट पंपावर लिटरमागे इंधनकर डिझेलला ४७ सेंट, पेट्रोलला ६५, आणि डिझेल जातंही कमी. एवढ्या रनिंगला १६० युरो काही महिन्यांत फिटतात. शिवाय लांब पल्ल्यावर पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करत राहतो. रोज चार किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्यानं डिझेल घेऊ नये, तिथे घाटमाथाचं म्हणणं बरोबर आहे.

एकच अट, युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय निकष). स्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ आणि त्याखालची डिझेल बंद केली, आणि जुलै २०२० पासून शहराच्या मधल्या भागात, बाड कान्श्टाट, फॉयरबाख, त्सुफेनहाउझेनमध्ये युरो ५ पण. २०१३-१४ ची डिझेल ऑक्टाविया स्वस्त दिसेल, ती बहुधा युरो ५ असते. गाडीच्या आरसीवर, म्हणजे त्सुलासुंग्सबेशाइनिगुंगच्या पहिल्या भागात, १४ नंबरचा रकाना वाचा. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जुना_पिंपरीकर

वाचून फार बरं वाटतंय. आपल्याकडे १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे इंडिगो मरीना आली. दोन्ही इथल्याच मातीतल्या. स्टेशन वॅगन भारतात रुजली नाही याची खंत आहे. इस्टेटच्या मागच्या काचेतून घाट बघत आम्ही महाबळेश्वरला जायचो. वाटसरू, आई-बाबांना मागे ऐसपैस बसता येईल अशीच घ्या.

वाटसरू_किर्शहाइम

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा आणि प्रकाशवाट ताईंचा प्रतिसाद छापून गाडीबरोबर नेला. आता यादी छोटी झाली: ऑक्टाविया २.० टीडीआय, नाहीतर कोरोला.

कोरोला मेधाताईंच्या सांगण्यानुसार ए-८ च्या चढावर चालवली. गाडी शांत, नीटनेटकी. चढावर मात्र आवाज खरंच वाढतो. आम्हा दोघांनाही ते रोज नको वाटलं.

पहिली ऑक्टाविया जाहिरातीत 'एलईडी' होती. संध्याकाळी भिंतीसमोर लावली तर पिवळट हॅलोजन, एलईडी फक्त दिवसाचा दिवा. शिवाय आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं, थंड इंजिन हवं हे फोनवर दोनदा सांगूनही. तिथून निघालो.

दुसरी २०१८ ची, २.० टीडीआय १५०, फुल एलईडी, रकाना १४ मध्ये युरो ६, डीलरकडची. पण ही मॅन्युअल आहे. डीएसजीची चिंता नाही म्हणून मला उलट आवडली. रनिंग १,१०,००० च्या पुढे, ट्यूफचे अहवाल ओळीत बसतात. भिंतीवरची रेघ स्वच्छ, दोन्ही हेडलाइटवर एकाच महिन्याची तारीख. काका, मॅन्युअलमध्ये काय तपासू? परवा पुन्हा जाणार आहे.

फिटरकाका

चांगली निवड. परवा एवढं करा.

थंड इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये उभी ठेवा, क्लच दाबा आणि सोडा. आवाज बदलला, खडखड आली-गेली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक) किंवा क्लच बेअरिंग खराब. गाडी बंद करतानाचा दणकाही ऐका. मग रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. काटा झपकन वर गेला आणि गाडी तेवढी पळाली नाही, तर क्लच घसरतोय. फ्लायव्हील आणि क्लच एकत्रच बदलतात, मोठं काम आहे. शंका आली तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

दुसरं, हीटर. पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही बाजूंच्या व्हेंटमधून सारखा गरम वारा येतो का बघा. या पिढीतल्या काही गाड्यांत कूलंटच्या टाकीतली सिलिकाची पुडी फुटून हीटरची जाळी चोंदते. आल्बवर जानेवारीत काच साफ राहिली नाही तर उत्तम हेडलाइटही कामाचा नाही. टाकीत गाळ दिसला तर ही गाडी सोडा.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलायचा, ते चॅसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा. डीलरकडून घेताय ते बरं. सेकंड हॅण्डलाही कमीत कमी एक वर्ष कायदेशीर जबाबदारी त्याची असते. २०२२ पासून पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता, हे सिद्ध करायचं काम डीलरचं. करारावर 'ग्राहक' ऐवजी 'व्यावसायिक' किंवा 'निर्यातीसाठी' असं काही लिहू देऊ नका, मग हे संरक्षण जातं.

वाटसरू_किर्शहाइम

क्लच, हीटर, टाकी सगळं ठीक निघालं. फ्लायव्हीलचा आवाज नाही. बेल्टची मुदत अजून आहे. करार वाचून सही केली, पुढच्या आठवड्यात नंबर प्लेट घेऊन आणायची. एकच धाकधूक: एलईडी हेडलाइटला दगड लागला तर खरंच हजार युरो खिशातून जातील?

प्रकाशवाट

अभिनंदन! विमा घेताना निदान टाइलकास्को (आपल्या गाडीच्या ठराविक नुकसानांचा विमा) घ्या. त्यात काचफूट धरलेली असते आणि हेडलाइटची काचही त्यात येते, फक्त ठरलेली रक्कम आधी आपण भरायची. मार्टेन प्राण्यानं वायर कुरतडण्याचं कलमही त्यातच बघून घ्या. आतला एलईडी स्वतःहून गेला तर मात्र विमा देत नाही, तिथे डीलरची जबाबदारी किंवा वेगळी वॉरंटी. आणि दर ऑक्टोबरात इथल्या वर्कशॉपमध्ये दिव्यांची मोफत तपासणी होते, १९५६ पासून चालू आहे. डिकीत बॅगा नसताना जा आणि टायरमध्ये हवा बरोबर भरून जा, नाहीतर उंची चुकीची जुळवली जाते.